निळा धूर

वडील गेल्यापासून शामकांतने त्यांची जुनी ॲम्बॅसेडर सावेडीच्या बंगल्यात कुलूपबंद ठेवली होती. धाकट्या भावाने, मुकुंदने, न विचारता ती मित्राच्या मुलीच्या लग्नाला राहात्याला नेली आणि परतताना सायलेन्सर निळा धूर ओकू लागला. भीमा मिस्त्रीच्या गॅरेजात इंजिन उघडलेलं असतानाच दोघांची जुंपली. “तेल न बघता दामटलीस. बाबांचं इंजिन जाळलंस तू!” “दादा, तेल भरूनच निघालो होतो.” शामकांतने चाकाचा पाना उचलून मुकुंदच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज भीमालाही ऐकू आला. दुसरा घाव कपाळ फोडून गेला. मुकुंद गुडघ्यांवर कोसळला. तिसरा बसणार तोच भीमाने शामकांतला मागून जखडलं. “आवो, त्यांनी काय बी केलं न्हाई! पिस्टनच्या रिंगा धड हायेत. तेल वरून, व्हॉल्व्हकडनं गळून जळतंय. हा व्हॉल्व्ह हलवून बघा, किती खेळतोय. ह्ये ज्या नळ्यांत सरकत्यात ते गाईड तुमच्या वडलांच्या हातीच झिजलेत, अन् गाडी नुसती उभी ठिवल्यानं रबरी सील वाळून दगड झालेत.” पाना शामकांतच्या हातून गळून पडला. रिक्षात तो रुमालाने भावाचं रक्त पुसू लागला, तर मुकुंदने मान फिरवली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “कसं झालं हे?” “पडला तो,” शामकांत घाईने म्हणाला. मुकुंदने मोडलेलं मनगट डॉक्टरांपुढे धरलं. “पडलो नाही. ह्या गृहस्थांनी पाना मारला.”