गुलालातला माणूस

विट्याच्या बाजारात इंद्रजितनं धैर्यशीलची कॉलर धरून थोबाडीत ठेवून दिली, तेव्हा कुणी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. सगळी गर्दी पलीकडं कुणाला तरी तुडवण्यात गुंतली होती. धैर्यशील तेच मोबाईलवर लाईव्ह दाखवत होता. तालुक्याच्या बातम्यांचं त्याचं पेज होतं, आणि आज त्याची चांदी होती.

"माझा फोटो चोरतोस व्हय रं? वर माझं नाव कापतोस?" इंद्रजितनं आणखी एक लगावली. धैर्यशीलचं नाक फुटलं, पण मोबाईल काही त्यानं खाली केला नाही.

"आरं सोड की! हितं लाईव्ह चाललंय!"

इंद्रजित म्हसवडचा फोटोग्राफर. लग्नं, बारशी आणि वाढदिवसाचे बॅनर यांवर त्याचं पोट चाले, पण जीव अडकला होता एकाच फोटोत. जत्रेत सिद्धनाथाच्या रथावर उधळलेल्या गुलालात न्हालेला एक म्हातारा, खांद्यावर घोंगडी, आणि छातीशी घट्ट धरलेलं, टाहो फोडून रडणारं पोर. त्यानं तो स्वतःच्या पेजवर टाकला. खाली कोपऱ्यात एवढंच लिहिलं, 'क्लिक: इंद्रजित'. लोकांनी डोक्यावर घेतला. मग या पेजनं उचलला, त्या पेजनं उचलला, आणि नाव प्रत्येकानं कापलं. इंद्रजितनं फोन केले, शिव्या घातल्या, तक्रारी केल्या. कुणी ढिम्म हललं नाही. फुकटच्या मालाला धनी नसतो, हे सगळ्यांना पाठ.

आज सकाळी धैर्यशीलच्या पेजवर तो फोटो दिसला आणि इंद्रजितच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडीला किक मारून तो थेट विट्याला आला. कोपऱ्यातलं नाव गेलंय, हे त्यानं पहिल्यांदा बघितलं होतं. फोटोच्या वर काय लिहिलंय, तेही वाचलं होतं. 'सावधान! मुलं पळवणारा आपल्या तालुक्यात फिरतोय.' वाचलं आणि सोडून दिलं. माणसाला आपलं ठसठसतं तेवढंच दुखतं.

तेवढ्यात गर्दी जरा फाकली आणि आतला माणूस त्याला दिसला. घोंगड्यांचं गाठोडं सुटून चिखलात पडलं होतं. शेजारी म्हातारा गुडघ्यावर बसून दोन्ही हात डोक्यावर धरत होता. चेहरा फोटोतल्यासारखाच लालभडक होता. या खेपेला गुलाल नव्हता.

"न्हाई वो, म्या घोंगडी इकतोय... माण तालुक्यातला हाय म्या... नाथाजी म्हणत्यात मला..."

"पोरं पळिवतोस व्हय!" एकानं कमरेत लाथ घातली. नाथाजी तोंडावर आपटला. कुणाच्या तरी दारात त्यानं प्यायला पाणी मागितलं होतं. उंबऱ्यात लहान पोर खेळत होतं. घरातल्यानं मोबाईलमधलं तोंड आणि दारातलं तोंड ताडून बघितलं, आणि हाळी दिली. एवढाच त्याचा गुन्हा.

कुणीतरी दगड उचलला. चांगला दोन्ही हातांनी उचलावा लागणारा.

धैर्यशीलला ढकलून इंद्रजित गर्दीत घुसला. कुणाचं कोपर तोंडात बसलं, पाठीवर काठी बसली. तो सरळ म्हाताऱ्याच्या अंगावर आडवा पडला आणि घसा फाटेस्तोवर ओरडला, "मारू नगा! फोटू माझा हाय! म्या काढलाय! त्यो चुकल्यालं पोरगं आईकडं द्याया निघाला हुता!"

"तू कोण रं? ह्याचा जोडीदार व्हय?" आणि ती काठी पुन्हा बसली, या वेळी बोटांवर. त्याच बोटांनी इंद्रजितनं मोबाईल उघडला आणि हात वर केला. त्या दिवशीचा पुढचा फोटो. जत्रेत चुकलेली पोरं जिथं माईकवरून पुकारतात, तो मांडव. पोर आईच्या कडेवर. आई पाठमोरी, रडून वाकलेली. आणि बाजूला हाच म्हातारा, गुलालानं माखलेला, पोराच्या डोक्यावरनं हात फिरवणारा.

मोबाईल या हातातनं त्या हातात फिरला. दगड धरलेल्यानं दगड हळूच बाजूला ठेवला, जणू तो कुणी दुसऱ्यानंच दिला होता. धैर्यशीलनं लाईव्ह बंद केलं आणि तो गल्लीत दिसेनासा झाला.

"आरं, मंग ह्यो फोटू का न्हाई टाकलास?" काठीवाल्यानं विचारलं.

इंद्रजितनं त्याच्या हातातला मोबाईल काढून घेतला. काय सांगणार? त्यात आई पाठमोरी होती, पोर हसत होतं, फोटोत जीव नव्हता.

लोक पांगले. एकजण "चूक झाली, मामा" असं जमिनीकडं बघत पुटपुटला आणि तोही गेला. इंद्रजितनं नाथाजीला काखेत हात घालून उठवलं, त्याच्या ओठावरचं रक्त आपल्या रुमालानं पुसलं. पाठीत आग होती, दोन बोटं सुजून टम्म झाली होती, तरी त्याला आतून बरं वाटत होतं. एका माणसाचा जीव वाचवला होता त्यानं. हे कौतुक म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकावं, असंही वाटत होतं. खोटं कशाला बोला?

"मामा, तुमी वाचला. बघा, ह्यो फोटू. म्याच काढल्याला."

नाथाजीनं मोबाईल हातात घेतला. एक डोळा सुजून मिटला होता, दुसऱ्यानं तो बराच वेळ बघत राहिला. गुलाल, घोंगडी, रडणारं पोर. आपला फोटो तो आयुष्यात पहिल्यांदा बघत होता. मग अंगात उरलं होतं तेवढं बळ एकवटून त्यानं इंद्रजितच्या कानाखाली वाजवली.

"तवा मला इचारलं हुतंस का रं?"