कोरा पाय

लेआर्को तिसऱ्यांदा रस्ता सोडून लसूणघासात गेला. यावेळी पडला मात्र नाही. गाडीसकट शेताच्या मधोमध उभा राहिला आणि तिथूनच त्याने अमेरिकेच्या सरकारला चार शिव्या हासडल्या.

त्या सरकारने काम शिव्या खाण्यासारखंच केलं होतं. यापुढे अमेरिकेत विकायच्या प्रत्येक मोटरसायकलचा गिअर डाव्या पायाशी आणि ब्रेक उजव्या पायाशी हवा, असा कायदा काढला होता. बोलोन्याजवळच्या गौदेन्त्सींच्या कारखान्यात पहिल्या गाडीपासून नेमकं उलट होतं. नवी गाडी बनवायला तीन महिने लागले. बनली, तर चालवणारा मिळेना. लेआर्को हा कारखान्याचा मुख्य स्वार. तेवीस वर्षं प्रत्येक गाडी आधी त्याच्या बुडाखालून जायची आणि मग गिऱ्हाइकाकडे. सरळ रस्त्यावर त्याला सगळं आठवायचं. वळण आलं की ब्रेक दाबायला डावा पाय आपोआप खाली जायचा. तिथे आता गिअर असायचा. इंजिन किंचाळायचं, मागचं चाक घसरायचं आणि पुढे लसूणघास.

गुरुवारी अमेरिकन खरेदीदार येणार होता. डोंगराच्या रस्त्यावर गाडी पळताना बघेन, तरच तीनशे गाड्या मागवीन, असं त्याने कळवलं होतं. ती मागणी गेली की कारखान्याला टाळं. लेआर्कोचा जोडीदार दुइलियो तर पहिल्याच वळणाला आडवा झाला होता. बाहेरून कुणी आणावा, तर साऱ्या इटलीच्या पायांना तीच खोड. जपानी गाड्यांचा गिअर आधीपासूनच डाव्या पायाशी; ती चालवणारा एखादा मिळाला असता, पण प्रतिस्पर्ध्याचा स्वार बसवण्यापेक्षा मालक स्वतः बसले असते, आणि मालकांचं वजन एकशे दहा किलो होतं.

"जन्मात गाडीवर न बसलेलं माणूस हवं," लेआर्को कपडे झटकत म्हणाला. "कोरा पाय. शिकवू तेवढंच शिकेल."

"या गावात?" दुइलियो हसला. "इथली पोरं चालायच्या आधी किक मारतात. कोरे पाय फक्त पाद्रीबाबांचे आणि तुझ्या पोरीचे."

दुइलियो चेष्टेत बोलला होता. लेआर्कोने मात्र ते मनावर घेतलं. त्याची ओरिएत्ता याच कारखान्यात चाकांत तारा भरायची. सोळाव्या वर्षी तिने गाडी मागितली होती. "पोरीच्या जातीने सायकल चालवावी," असं म्हणून त्याने विषय संपवला होता आणि तिने तो पुन्हा काढला नव्हता. आता तिलाच बोलवायला जाताना त्याला लाज वाटली. पण गुरुवार पाच दिवसांवर आला होता.

ओरिएत्ता हात पुसत आली. बापाने सांगितलेलं तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. क्लच म्हणजे काय, हे दोनदा विचारलं. इंजिन तीनदा बंद पाडलं.

"घाई नको, बाळा. सावकाश," लेआर्को म्हणाला. इतक्या मऊ आवाजात तो घरी कधी बोलत नसे.

तासाभराने ती निघाली. पहिली फेरी सायकलच्या वेगाने झाली, दुसरी जरा बरी. तिसऱ्या फेरीला मात्र ती चर्चच्या वळणात अशी काही झुकली की दुइलियोने तोंडातली सिगारेट काढली. "वा!" मालक म्हणाले. तेवढ्यात गल्लीतून पाद्रीबाबा सायकलवर बाहेर पडले. नेहमीप्रमाणे इकडेतिकडे न बघता.

इंजिन किंचाळलं. मागचं चाक घसरलं. पाद्रीबाबा वाचले आणि ओरिएत्ता लसूणघासात गेली.

लेआर्को धावत सुटला. तो पोचेपर्यंत ती उभी राहिली होती आणि गाडी उचलत होती. गुडघा तेवढा सोलवटला होता. मागून मालक धापा टाकत आले.

"संपलं! ही पण तुझ्याच वाटेने गेली, लेआर्को! तेच वळण, तोच पाय!"

"तोच पाय," लेआर्को पुटपुटला आणि एकदम थांबला. घाबरलेला नवशिका ओरडतो, डोळे मिटतो, दोन्ही पाय जमिनीला लावतो. डाव्या पायाने ब्रेक शोधत नाही. जुन्या गाडीवर वर्षानुवर्षं बसल्याशिवाय पायाला ती सवय लागत नाही.

"ओरिएत्ता," त्याने विचारलं, "कुणाच्या गाडीवर?"

तिने आधी दुइलियोकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "तुमच्याच, बाबा. रविवारी जेवून तुम्ही झोपलात की. पाच वर्षं झाली."

दुइलियोला खोकल्याची उबळ आली. मालकांनी डोक्याला हात लावला. "म्हणजे पाय कोरा नाहीच! मग आता हिचा उपयोग काय?"

लेआर्कोला राग यायला हवा होता. तो येईल म्हणून त्याने क्षणभर वाटही पाहिली. पण त्याचा ऊर भरून आला होता आणि ते कुणी पाहिलं तरी त्याला चालणार होतं.

"उपयोग?" तो म्हणाला. "मालक, माझी गाडी मी रोज सकाळी पुसून, तपासून बाहेर काढतो. पाच वर्षांत मला तिच्यावर एक ओरखडा दिसला नाही. अशा पोरीला नवं पेडल पाच दिवसांत येईल. गुरुवारी ही गाडी ओरिएत्ताच चालवेल. आणि शुक्रवारपासून मला शिकवेल."