जोडीतलं मत

"आता ठरावाच्या विरुद्ध असणारे," सभाध्यक्ष बर्टिल म्हणाला. "म्हणजे शाळा चालू ठेवा म्हणणारे. हात वर."

हात वर गेले. वाल्मोर थेरियोचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

शेजारी बसलेल्या नातीनं, नोएलानं, त्याला कोपर मारलं. तिचा हात केव्हाच वर होता. "पेपेर, झोपलात का? आपली पाळी आहे."

"जागा आहे."

"मग हात..."

हात गुडघ्यांवर.

मागून कुणीतरी ओरडलं, "अहो आमदार! इथं ऑगस्टाच्या विधानसभेसारखं बटण नसतं, हात उचलावा लागतो!" गावाच्या सभेत अशा वेळी हसतात, तसे सगळे हसले. वाल्मोरही हसला. बारा वर्षं आमदारकी केलेला माणूस हसतो तसा, ओठ मिटून.

ही शाळा त्यानंच गावात आणली होती. तो शिकला त्या इंग्रजी शाळेत घरचं फ्रेंच बोललं की हातावर पट्टी बसायची. इथली सतरा मुलं मधल्या सुट्टीत बिनधास्त फ्रेंचमध्ये भांडतात. नोएला त्यांची बाई.

बर्टिलनं हात मोजले. पुन्हा मोजले, मुद्दाम हळू. मग चष्म्यावरून त्यानं वाल्मोरकडे पाहिलं.

"कुणी राहिलंय?"

मागच्या टेबलावर काकवी घालून शिजवलेल्या घेवड्याचं भांडं होतं. कुणीतरी त्याचं झाकण उचललं होतं, ते परत ठेवायचं विसरलं.

बंद करा: एकेचाळीस.

चालू ठेवा: चाळीस.

आणि दोन हात, गुडघ्यांवर.

बरोबरी झाली तरी ठराव पडतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बर्टिलनं हातोडा उचलला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग आपटला.

जेवणाची रांग लागली. वाल्मोरच्या मागेपुढे मात्र जागा रिकामी राहिली. त्यानं ताटलीत धिरडं घेतलं, परत ठेवलं, आणि कोट अडकवले होते तिकडे गेला. नोएला तिथं उभीच होती.

"बोला."

"माझी जोडी लागलीय."

"कसली जोडी?"

"एमेरीबरोबर."

एमेरी मिशो. वाल्मोरला पाडून त्याच्या जागी ऑगस्टाला गेलेला. हिवाळाभर दुकानात बसून 'शाळा बंद करा, कर कमी करा' म्हणून टेबल बडवणारा. चार दिवसांपूर्वी न्यूमोनिया झाला म्हणून त्याला फोर्ट केंटच्या इस्पितळात नेलं होतं.

"विधानसभेत एकजण आजारी पडला," वाल्मोर म्हणाला, "की समोरच्या बाजूचा एकजण आपलंही मत देत नाही. जोडी लावायची. दोघंही घरी. कुणाचं नुकसान नाही."

"ही विधानसभा नाही, पेपेर."

"सकाळी भेटायला गेलो तर गाऊनवर बूट चढवून बसलेला. नाकात नळी. म्हणे, सभेला येणार, तुला मोकळं रान देणार नाही. नर्स रडकुंडीला आली होती. कसा झोपवायचा त्याला? म्हटलं, आडवा हो. जोडी लावू."

"आणि तो झोपला."

"बूट घालूनच."

नोएलानं कोटाची बटणं लावायला घेतली. एक चुकलं, पुन्हा पहिल्यापासून लावली.

"एकानं गेलं. एका मतानं."

"तो आला असता तर त्यांचे बेचाळीस, आपले एकेचाळीस. एकानंच गेलं असतं."

"पण तो आला नाही ना!" आतल्या माणसांनी माना वळवल्या. तिनं आवाज खाली घेतला. "त्याला झोपवायला तुम्ही माझी शाळा दिलीत."

वाल्मोरकडे उत्तरं होती. बारा वर्षं त्यानं दुसरं काय केलं होतं?

"हो," तो म्हणाला.

*

गाडी तिनंच चालवली. फोर्ट केंट येईपर्यंत रेडिओसुद्धा लावला नाही. इस्पितळात ती खोलीच्या दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली, अंगात कोट तसाच.

एमेरीनं डोळे उघडले.

"किती?"

"एकेचाळीस, चाळीस," वाल्मोर म्हणाला. "तुमची बाजू जिंकली."

एमेरी छताकडे बघत राहिला. असला हिशेब त्याला बोटांवर करावा लागत नसे. आज वेळ लागला.

"म्हणजे तू नुसता हात..."

"आपण," वाल्मोर म्हणाला. "आपण दोघंही घरी."

एमेरीची नजर दारातल्या नोएलाकडे गेली आणि तिथं टिकली नाही.

"गाढवा," तो वाल्मोरला म्हणाला. पुढचं काही बोलायच्या आत खोकल्याची उबळ आली. वाल्मोरनं त्याच्या पाठीखाली उशी सरकवली.

नर्स ढकलगाडी घेऊन आली. "कॉफी? तुम्हाला नाही हं, मिस्टर मिशो. डॉक्टरांनी बंद केलीय." तिनं कप वाल्मोरपुढे धरला.

"त्याला बंद आहे ना? मग मलाही नको."

"अहो, पण तुम्ही कुठं आजारी आहात?"

तिनं कप खिडकीत ठेवला आणि ती पुढच्या खोलीत गेली. कॉफीचा वास खोलीभर पसरला. सकाळपासून वाल्मोरच्या पोटात काही नव्हतं.

एमेरीनं डोळे मिटून घेतले.

"पी," तो म्हणाला. "मी बघत नाहीये."

वाल्मोरनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. दारात उभी नोएला कपाकडे बघत राहिली, त्यातली वाफ थांबेपर्यंत.