परक्या घरातलं बाळंतपण

“परकासनं बाळंतपण मन्हा घरमा नको,” कुंदाबाई चुलीपाशी वाकून पुटपुटल्या. आवाज हळू होता, पण बरोबर दिवालीबाईच्या कानाशी.

दिवालीबाई भाकरी थापत राहिली. आठवा महिना लागलेली ज्योत्स्ना भिंतीला टेकून बसली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून लेक आली होती. आणि माहेर म्हणजे पाचोऱ्याजवळच्या गावातलं, कुंदाबाईंना भाडं भरून राहायचं हे दीड खोलीचं घर.

कुंदाबाईंनी आधी नळ तोडला. मग दाराची कडी काढून नेली, दुरुस्तीला म्हणे. ती अजून दुरुस्त व्हायची होती. समोरच्या सुंदरबाई ओट्यावर वाती वळत सगळं बघत. बोलत नसत. गल्लीतल्या बहुतेकांना कुंदाबाईंच्याच शेतात काम मिळायचं.

या घराची वीट न् वीट दिवालीबाईला ओळखीची होती. बांधकामावर तिनंच पाट्या वाहिल्या होत्या. तेव्हा कुंदाबाई गोड होत्या. पाया भरला, भिंती उठल्या, स्लॅब पडला, दर खेपेला तिला नवं लुगडं नेसवून घरापुढं उभं केलं, फोटो काढला. म्हणाल्या, तुझा पायगुण चांगला. दिवालीबाईनं ते मनात जपून ठेवलं होतं. तिच्या पायगुणाचं कौतुक आजवर दुसऱ्या कुणी केलं नव्हतं.

सोमवारी कुंदाबाईंनी त्यांचं सामान अंगणात काढलं. गोधड्या, पिठाचा डबा, बाळासाठी शिवलेली दुपटी. दिवालीबाईचा नवरा, बिजला, लांब वीटभट्टीवर होता. ज्योत्स्ना दुपट्यांवरची माती झटकत राहिली.

तेवढ्यात कुंदाबाईंचा मोबाइल वाजला. बोलून झाल्यावर त्या जरा दारातच बसल्या. मग उठल्या आणि स्वतःच्या हातानं सामान परत आत नेऊ लागल्या. पिठाचा डबासुद्धा. सुंदरबाईंची वात अर्धीच राहिली.

“तालुकाना नवा साहेब घरं देखाले ई राहिना,” कुंदाबाई म्हणाल्या. “आठेच, या घरमाच राहस, इतलंच सांग. भाडानं नाव काढशी तर मन्ही घरपट्टी वाढी. मंग लेकले लिसन रस्तावर जाशी.”

वर त्यांनी आपलं ठेवणीतलं लुगडंही नेसायला दिलं.

साहेब घामाघूम होऊन आला. त्यानं दिवालीबाईला घरापुढं उभं करून फोटो काढला. पाणी मागितलं, ते कुंदाबाईंच्या घरून आलं. मग त्यानं विचारलं, घर कसं आहे अक्का, काही त्रास नाही ना.

भाड्याचं नाव काढायचं नाही, एवढं दिवालीबाईच्या पक्कं ध्यानात होतं. पण नुसतं नाही म्हणणं तिला कोरडं वाटलं. लेकीचं बाळंतपण इथंच व्हायचं होतं. चार शब्द चांगले गेलेले बरे.

“काहीच तरास नही, साहेब. मालकीनबाई भली शे.”

साहेबाचा मोबाइल खाली आला. “मालकीणबाई? कोण मालकीणबाई?”

कुंदाबाई ज्योत्स्नाच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या.

सुंदरबाईंनी वातींची ताटली बाजूला ठेवली आणि त्या ओट्यावरून उतरल्या.

“घरकुल तिनाच नावनं शे, साहेब. मालकीन तीच शे,” त्या दिवालीबाईकडे बोट दाखवत म्हणाल्या. “भाडंबी तीच भरस.”