ठकी चावते तेव्हा

ठकीने डॉक्टरीणबाईंच्या जाड हातमोज्यात दात रोवले, अंग झटकलं आणि टेबलावरून उडी मारून ती थेट बाबांच्या मांडीत शिरली. बाबा खिडकीशी, रस्त्याकडे तोंड करून बसले होते. त्यांनी मान वळवली नाही. हात तेवढा ठकीच्या पाठीवरून फिरू लागला.

लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरीणबाईंनी हातमोजा काढून बोटं पाहिली. दात आत गेले नव्हते. लेकीने तरी दोनदा माफी मागितली, एकदा मांजरासाठी आणि एकदा बाबांसाठी. आत येताना डॉक्टरीणबाईंनी त्यांना नमस्कार केला होता आणि ते सरळ पुढे जाऊन खुर्चीत बसले होते. स्वभावच आहे त्यांचा, असं ती पुटपुटली.

दात, पोट, कान सगळं तपासून झालं होतं. कुठे जखम नव्हती, सूज नव्हती. आता बाई कागद पुढे ओढून विचारू लागल्या. चावायला कधीपासून लागली? कुणाकुणाला? त्याआधी नेमकं काय झालं होतं?

लेकीने घड्याळाकडे बघत भराभर सांगायला सुरुवात केली. औषधाच्या दुकानातून ती तासाभराची सुट्टी घेऊन आली होती. ठकी बारा वर्षांची. इतकी वर्षं कुणी शेपटी ओढली तरी काही करायची नाही. आठेक महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या पोटरीला पहिल्यांदा चावली. मग शेजारच्या काकूंना. मागच्या आठवड्यात सहा वर्षांच्या पोरीने तिला झोपेतून उचललं, तर मनगटाला तीन टाके पडले. नवऱ्याने त्याच दिवशी पिंजरा आणून हॉलच्या मधोमध ठेवला. येत्या रविवारी ठकी प्राण्यांच्या आश्रमात जायची होती. इथे आणायचा हट्ट बाबांचा. पिंजरा उचलायला गेलं की ते दारात आडवे उभे राहत.

बाबांचंही हल्ली काही खरं नव्हतं, पण ते तिने सांगितलं नाही. दारावरची बेल वाजत राही आणि ते ढिम्म बसून असत. काही विचारलं की खेकसत, नाहीतर उठून चालू लागत. टीव्ही असा लावत की खालच्या मजल्यावरचे वर येत. नात कविता म्हणून दाखवत होती, तेव्हा मध्येच पेपर उघडून बसले. पोरगी रडत आत आली. बाबांनी तीस वर्षं पत्र्याचे डबे बनवायच्या कारखान्यात काढली होती. तिथला फोरमन अजून त्यांच्या अंगातून उतरला नाही, असं जावई म्हणायचा. मांजर आणि सासरे एकाच गुरूकडे शिकलेत, असंही म्हणायचा. आधी ती हसायची. आता घरात पाऊल टाकताना तिच्या मनात आज कोण कुणाला चावलं, हाच पहिला विचार.

काल तिने दुकानाच्या मागच्या खोलीतून दादाला फोन केला होता. पहिल्या तारखेपासून बाबांना तुझ्याकडे ने, माझ्याच्याने होत नाही. दादा हो-नाही करत कबूल झाला. बाबांना अजून कुणी काही बोललं नव्हतं.

घरात ठकी कुणालाच चावली नाही, असं कुणी आहे का, बाईंनी विचारलं.

आहेत, लेक म्हणाली. बाबा. एकदाही नाही. तिला धाकात ठेवतात बहुतेक. तिच्याजवळ जायच्या आधी दाणकन पाय आपटतात. मग वळसा घालून पुढे येतात, हात दाखवतात आणि मगच उचलतात.

बाईंचं लिहिणं थांबलं. त्यांनी फळीवरचे स्टीलचे दोन ट्रे घेतले, आवाज न करता बाबांच्या खुर्चीमागे गेल्या आणि ट्रे एकमेकांवर आपटले.

लेक दचकून उभी राहिली. बाहेर बसलेला कुत्रा भुंकायला लागला. ठकीचा कान हलला नाही.

"ही रागीट नाही," बाई म्हणाल्या. "बहिरी झालीय. मागून अचानक हात पडला की घाबरते आणि चावते. पाय आपटला की जमीन हादरते, तेवढं तिला कळतं."

लेकीचं अर्ध्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ती बाबांच्या पाठीकडे बघत होती. ती पाठही हलली नव्हती. त्यांचा हात त्याच संथपणे ठकीच्या पाठीवरून फिरत होता, आणि ते रस्त्यावरून जाणारी सायकल बघत होते.

बाईंनी ट्रे जागेवर ठेवले.

लेक खुर्चीला वळसा घालून पुढे गेली आणि बाबांच्या समोर उकिडवी बसली. बाबा दचकले. कपाळावर नेहमीची आठी चढली. "काय आहे?" ते खेकसले.

"बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही का?" तिने साध्या आवाजात, सावकाश विचारलं.

ते तिच्या ओठांकडे बघत होते. आठी हळूहळू उतरली. दोन्ही हातांनी त्यांनी ठकीला पोटाशी ओढून घेतलं. एवढ्या खालच्या आवाजात ते बोलल्याला आठ महिने झाले असतील.

"ठकीचं काय करताय ते बघतोय ना मी," ते म्हणाले. "मग माझं कशाला सांगू?"