तिसरा दिवा

उचगावच्या फौंड्रीत ऐश्वर्यानं बनवलेलं यंत्र कॅमेऱ्यानं ब्रेकड्रम तपासून दिवा लावायचं: चांगल्याला हिरवा, तडकलेल्याला लाल. तिसरा दिवा नव्हताच. आज हिरवा लागलेल्या ड्रमवर तपासणीवरच्या कल्लाप्पाण्णांनी जुन्या सवयीनं हातोडी वाजवली. आवाज बद्द आला. आत चीर होती. "शंभरात एखादं चुकतंय की! उद्या गिऱ्हाईक बघायला येणार हाय, चालू ठेव," मालक ओरडले. ऐश्वर्यानं बटणच बंद केलं. "हा ड्रम घाट उतरणाऱ्या ट्रकला बसला असता, काका. दाखवणार नाही." मग यंत्राला माईक जोडून पंधरा दिवस तिनं अण्णांशेजारी बसून हातोडीचा प्रत्येक ठोका त्याला ऐकवला. सोळाव्या दिवशी अण्णांनी एक ड्रम वाजवला. यंत्राच्या पडद्यावर तिसरा, पिवळा दिवा लागला: "खात्री नाही, माणसाला विचारा." मालकांनी कपाळाला हात लावला. अण्णा हसले. "आता शिकलं बघ, पोरी. मला हे म्हणायला धा वर्सं लागलीती."