नवव्या पानाखालचा केस

सरावाच्या रबरी हातावर माझी सुई कधीच चुकली नाही. माणसांच्या हातावर मात्र शीर सापडेना. शेवटी वॉर्डातल्या जुन्याजाणत्या सिस्टरनी माझ्या डोक्याचा एक केस उपटला, वहीच्या पानाखाली ठेवला आणि म्हणाल्या, "डोळे मिट, बोटानं शोध." सापडला की एक पान वाढायचं. मैत्रिणी चिडवायच्या, "डॉक्टरीणबाई उवा शोधताहेत!" महिन्यात मी नवव्या पानावर पोहोचले. आज हात सुजलेल्या आजींना सलाइन लावायचं होतं. आम्हाला शिकवणाऱ्या सरांनीसुद्धा तीनदा टोचून हात टेकले. "मी बघू?" मी डोळे मिटले. कोपराखाली, सुजेच्या आत, तोच बारीक उंचवटा बोटाला लागला. डोळे उघडले, सुई घातली आणि तिच्या नळीत रक्त दिसलं; शीर सापडली होती. "टोचणार कधी गं?" आजींनी विचारलं. "झालंसुद्धा, आजी!" सिस्टरनी स्वतःचा पांढरा केस उपटला, पानाखाली ठेवला आणि वही सरांपुढे सरकवली. "पहिल्या पानापासून, सर."